आपल्या सोयीची किंमत कोण चुकवतो? : सोलापूरकरांचे अनुभव

सामाजिक न्यायाविषयी बोलताना आपण बहुधा सरकारच्या आणि इतरांच्या चुका मोजतो. येथे प्रत्येकाने स्वतःच्या वागण्यातला असा एखादा प्रसंग लिहावा, ज्यात आपल्या सोयीचा भार दुसऱ्यावर पडत होता हे उशिरा ध्यानात आले, आणि त्यानंतर आपण प्रत्यक्षात काय बदलले तेही सांगावे. सुरुवात मीच करते.

गृहिणी, विजापूर रस्ता

सोलापुरात उजनी धरणाचे पाणी नळाला रोज येत नाही. मध्ये चार-पाच दिवस जातात, कधी अधिकही. आमच्या सोसायटीत बोअर आणि जमिनीखाली मोठी टाकी असल्यामुळे पाण्याचा दिवस मला कधी लक्षात ठेवावा लागला नाही. धुण्याभांड्यांना येणाऱ्या मावशींचे मात्र मधूनमधून खाडे होत. कॅलेंडरवर फुली मारून महिनाअखेरीस मी त्यांचे पैसे कापत असे. एका दिवाळीत फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा नुकतेच पाणी आले होते. दाबच नसल्यामुळे त्या दारातल्या गुडघाभर खड्ड्यात उतरून नळाच्या तोंडाशी तांब्या धरत होत्या. तांब्याने घागर आणि घागरीने पिंप भरणे चालले होते. मला पाहताच त्या म्हणाल्या, "ताई, आजचा खाडा कापून घ्या." त्या महिन्यापासून पाण्याच्या दिवसाची भरपगारी सुट्टी ठरली, साप्ताहिक सुट्टी निराळी. जुन्या कॅलेंडरवरच्या फुल्या मोजून कापलेले पैसे परत केले, तेव्हा ही उचल तर नाही ना, असे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

विडी कारखान्यातील तपासनिसाची मुलगी, पूर्वभाग

बायका कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घरी नेत, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आणि दुसऱ्या दिवशी कट्टे बांधून आणत. मजुरी हजारी हिशेबाने मिळे. माझे वडील त्या विड्या तपासून खराब वाटलेल्या बाजूला काढत. त्या म्हणजे 'छाट'. छाटीची मजुरी नाही आणि त्या विड्या बाईला परतही मिळत नसत. पाने सदोष निघाली तर हजार भरण्यासाठी तिलाच पदरचे पैसे घालून पाने घ्यावी लागत. शाळेला सुट्टी असली की मी वडिलांशेजारी बसून हे सारे पाहत असे, आणि ज्यांचे कट्टे बाजूला पडत त्या सगळ्या जणी मला लाडाने हाक मारत असत. माझी फी त्याच नोकरीतून भरली गेली, म्हणून वडिलांना दोष देऊन मोकळे होणे मला जमत नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्यात छाटीच्या वादाची दाद मागण्याची तरतूद होती, हे मलाही फार उशिरा कळले. आता दर रविवारी मी कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, बसून भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज भरून देते. अनेकींचे आडनाव कामगार ओळखपत्रावर एक आणि आधारवर दुसरेच असते, आणि तेवढ्यावरून पैसे अडकून पडतात.

अपार्टमेंटचा सचिव, जुळे सोलापूर

आमचा सांडपाण्याचा चेंबर तुंबला की एक जण आत उतरत असे. हाताने मैला साफ करण्यावरील बंदीच्या २०१३ च्या कायद्याने असे सुरक्षासाधनांविना उतरवणे निषिद्ध आहे, हे मी बैठकीत वाचून दाखवले. यंत्राच्या गाडीसाठी जादा वर्गणी काढण्यावरून दोन घरे अजून माझ्याशी बोलत नाहीत.

निवृत्त शिक्षक

सहलीची वर्गणी हरवल्याची तक्रार एका मुलीने केली आणि मी, कसलाही पुरावा नसताना, सेटलमेंट भागातून, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जेथे डांबले त्या वस्तीतून, येणाऱ्या मुलाचे दप्तर सगळ्या वर्गासमोर टेबलावर रिकामे केले. त्यातून दोन वह्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि तो कलंक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्यातून पुसला गेला, हे मी त्याच वर्गाला शिकवले होते. पैसे नंतर मुलीच्याच वहीत सापडले. मधल्या सुट्टीत त्या मुलाला एकट्याला गाठून मी चूक कबूल केली. त्याने नुसती मान हलवली. आरोप वर्गासमोर केला होता, तर माफीही तेथेच मागायला हवी होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी कोणाचेही दप्तर तपासले नाही. पुढे कोणाचे पैसे हरवले, तर ती रक्कम स्वतः भरली. त्या वर्गातली मुले सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत अधूनमधून भेटतात, तेव्हा मी हा प्रसंग मुद्दाम काढतो. पैसे हरवल्याचे बहुतेकांना आठवते. ते सापडल्याचे अजून एकालाही आठवलेले नाही.