शनिवारी रात्री वादळ बघायचं का? (घरच्या ग्रुपवरची चर्चा)

शुक्रवार

मी: काल रात्री एकटीनेच एक वादळाचा सिनेमा पाहिला. नाव शनिवारी सांगेन, आधी कोणी बघून ठेवू नका. गोष्ट एवढीच, की वरून थंडी कोसळते आणि रस्त्यावरची माणसं उभ्या जागी गोठतात. पैसे बेताचे होते हे पहिल्या ५ मिनिटांत कळतं. एकच रस्ता तीन वेगवेगळ्या गावांतला म्हणून दाखवलाय. तरी मी शेवटपर्यंत जागची हलले नाही. उद्या रात्री ९ वाजता आपापल्या घरी सगळ्यांनी एकदम लावूया का? बोलायचं इथे.

छोटी: मी आहे ताई!!

दादा: पुन्हा तसलाच? वादळच बघायचं तर १९९६ चा 'ट्विस्टर' लावू. त्यातली उडणारी गाय अजून डोळ्यांसमोर आहे.

मी: तो मी चारदा पाहिलाय, पाचव्यांदाही बघेन. पण दादा, तो बघताना आपण गप्प असतो. सगळं त्यांनीच दाखवलेलं असतं. छोट्या सिनेमाला वादळ फार वेळ दाखवणं परवडत नाही, म्हणून कॅमेरा माणसांच्या तोंडावर राहतो. कोणीतरी बोलता बोलता वर बघतं आणि वाक्य अर्धंच सोडतं. मला त्या जागा फार आवडतात.

वहिनी: याचं ऐकू नका, मी तुमच्या बाजूने आहे 🙂 दिवसभर संकलनच करते म्हणून सांगते, थोडक्या पैशांत सिनेमा करायचा तर हवामानासारखा विषय नाही. राक्षस दाखवायचा म्हटलं की त्याला अंग हवं, चेहरा हवा, चाल हवी. वाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. एक मोठा पंखा, पोतंभर वाळकी पानं, आणि डोक्यावर हात धरून वाकून चालणारी चार माणसं. बाकी काम आवाजावर होतं. पावसाचं तर आणखी वेगळं. खरा पाऊस कॅमेऱ्यात नीट दिसतच नाही, थेंबांच्या मागून दिवा मारावा लागतो. उद्या नीट बघा, भर रात्रीच्या पावसात, वीज गेलेल्या गावातसुद्धा, पाठीमागून कुठून तरी लख्ख उजेड येत असेल. मला तो उजेड दिसला की त्या दिवेवाल्याला नमस्कार करावासा वाटतो.

वहिनी: आणि हे आजचं नाही. १९३९ चा 'द विझर्ड ऑफ ऑझ' घ्या. तो काही गरीब सिनेमा नव्हता, पण कॉम्प्युटर नव्हताच. त्यातलं सोंडेसारखं फिरतं वादळ करायला आधी रबराचा शंकू बनवला, तो ताठ, पिळच घेईना. मग मलमलीचा ३५ फूट लांब नळा शिवला. वरचं टोक छताजवळच्या क्रेनला, खालचं टोक जमिनीतल्या खाचेत, दोन्ही वेगवेगळ्या चालीने सरकवायची म्हणजे सोंड वळवळते. भोवती धूळ उडवली ती मुलतानी मातीची.

मामी: मलमल आणि मुलतानी माती? खरंच?

वहिनी: अगदी खरं मामी. आणि आजही ते वादळ शेतापलीकडून येताना दिसलं की पोटात गोळा येतो.

आई: हे मला माहीत नव्हतं गं. लहानपणी आम्ही तो पाहिला होता तेव्हा अक्का माझा हात धरून बसली होती.

मामा: सिनेमा जरूर बघू, पण गोठण्याबद्दल भूगोलाच्या मास्तराला बोलू द्या. हवा वरून खाली उतरते तेव्हा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा असेल तर दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअस. वरची कडाक्याची थंडी जमिनीवर येईपर्यंत थंडी उरतच नाही. त्यामुळे माणूस उभ्या जागी गोठणं असं होणार नाही.

छोटी: मग बाबा, खोटं आहे हे माहीत असताना बघायला मजा येते तुम्हाला?

मामा: जास्त येते. खोटं कुठे आहे ते शोधायला गेलो की खरं हवामान हाती लागतं, आणि ते सिनेमापेक्षा कमी अचाट नसतं. अमेरिकेत साउथ डकोटामध्ये स्पिअरफिश नावाचं गाव आहे. २२ जानेवारी १९४३ ची सकाळ. तापमान उणे २० सेल्सिअस. डोंगरावरून असाच उतरणारा वारा आला आणि २ मिनिटांत पारा अधिक ७ वर. दोन मिनिटांत २७ अंश! पुढे तो १२ पर्यंत चढला, आणि वारा थांबल्यावर २७ मिनिटांत पुन्हा उणे २०. खिडक्यांच्या काचा तडकल्या. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे सरकायची.

मी: मामा, याच्यावर कोणी सिनेमा का काढत नाही?

मामा: काढला तर लोक म्हणतील, काहीही दाखवतात.

छोटी: आणि शार्कचं? वादळातून शार्क पडतात तो?

दादा: 'शार्कनेडो'. २०१३.

मामा: शार्क नाही, पण छोटे मासे पडल्याच्या नोंदी आहेत. ऑस्ट्रेलियात लाजामानू नावाची वस्ती आहे, वाळवंटाच्या कडेला, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तिथे २०१० मध्ये पावसाबरोबर मासे पडले, काही जिवंत होते. जोरदार वर जाणाऱ्या वाऱ्याने ते उचलले गेले असावेत असं मानतात. बोटाएवढा मासा वारा नेऊ शकतो. त्या सिनेमावाल्यांनी माशाचं माप वाढवलं, बस.

दादा: एक कबूल करतो. 'शार्कनेडो' पहिल्यांदा टीव्हीवर लागला तेव्हा बघणारे बेताचेच होते. पण त्या रात्री लोक ट्विटरवर एकमेकांना सांगत सुटले, आणि पुन्हा दाखवला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. मग २०१८ पर्यंत एकूण ६ भाग आले. म्हणजे ही एकत्र बघायची गोष्ट आहे हे बरोबरच.

मी: मग उद्या येणार ना?

दादा: येतो. पण पुढच्या वेळी गाय.

मामा: दादाला अजून एक देतो. २००५ मध्ये टीव्हीवर 'कॅटेगरी ७' नावाचा दोन भागांचा सिनेमा आला होता. चक्रीवादळं मोजायची सॅफिर-सिम्पसन पट्टी ५ वर संपते. ताशी २५२ किलोमीटर किंवा जास्त वारा म्हणजे ५, मग तो कितीही असो. तेव्हा सगळ्यांनी नावाची थट्टा केली. २०२४ मध्ये वेनर आणि कॉसिन या दोन शास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिला, की समुद्र तापतोय, वादळं वाढतायत, ताशी ३०९ किलोमीटरच्या पुढे सहावी पायरी असावी का याचा विचार करा. पट्टी अजून ५ वरच आहे. पण ते नाव वाचून मी आता हसत नाही.

मोठी मावशी: सगळं वाचतेय. कोणावर राग नाही, पण मी नाही बघणार उद्या.

आई: का गं अक्का?

मोठी मावशी: माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा आमच्या घरावरचे पत्रे वादळात गेले. रात्रीचे २ वाजले असतील. दिवे गेलेले, दिसलं काहीच नाही. ऐकलं फक्त. आधी खिळे सुटल्याचा आवाज, एकेक, थांबून थांबून. मग सगळे पत्रे एकदम. सिनेमात वारा घोंघावतो ना, तसा तो नव्हता. कोणीतरी जड काहीतरी ओढत नेतंय असा होता. नंतर वर्षभर पत्र्यावर पाऊस वाजला की मी उठून बसायचे. तुम्ही मुलं बघा खुशाल. मला त्यात करमणूक सापडायची नाही.

छोटी: मोठी आत्या 🙏

वहिनी: मावशी, आम्ही इतकं बोलत सुटलो, तुम्हाला त्रास झाला असेल तर माफ करा.

मोठी मावशी: अगं नाही, तुझं मलमलीचं वाचून बरंच वाटलं.

मी: मावशी, हे तू कधी बोलली नव्हतीस. तू बघ असं मी म्हणणार नाही. पण मी हे का बघते ते तुला सांगावंसं वाटतंय. मोडतोड बघायला नाही. मोडतोड तर यात धड दिसतही नाही. या प्रत्येक सिनेमात एक माणूस असतो. कुठल्या तरी वेधशाळेतला, कॉलेजातला, नाहीतर नोकरी गेलेला. त्याला आकाशात, नाहीतर आकड्यांत, काहीतरी वेगळं दिसतं. तो सांगत सुटतो. कोणी ऐकत नाही, उद्या जत्रा आहे, परवा निवडणूक आहे. मी त्या माणसासाठी बसते. पैसे संपले की वादळ कापता येतं, पूल पडल्याचं नुसतं रेडिओवर सांगता येतं, पण हा माणूस कापता येत नाही, सिनेमाच उरत नाही. म्हणून मोठ्या सिनेमापेक्षा छोट्यात तो मला जास्त भेटतो.

मामा: आणि अक्का, तो माणूस खोटा नाही. १८८० च्या दशकात अमेरिकेत सरकारी अंदाजात 'टोर्नेडो', म्हणजे ते सोंडेसारखं फिरतं वादळ, हा शब्द वापरायचीच बंदी झाली. लोक घाबरतील म्हणून. ही बंदी उठायला १९३८ उजाडलं. म्हणजे पन्नास वर्षं वादळ येत होतं आणि त्याचं नाव घ्यायचं नव्हतं.

मामा: पुढचं ऐक. २० मार्च १९४८, ओक्लाहोमातला टिंकर हवाईतळ. कसलीही सूचना नसताना टोर्नेडो आला, उभी विमानं मोडून गेला. तिथे फॉबुश आणि मिलर असे दोन हवामान अधिकारी होते. त्यांना सांगितलं, याचा अंदाज देता येतो का बघा. दोघांनी जुन्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे काढले आणि त्या दिवसांत सारखं काय होतं ते शोधत बसले. पाचच दिवसांनी, २५ तारखेला सकाळी, नकाशावर तेच सगळं पुन्हा जुळून आलेलं. एकाच जागी पाच दिवसांत दुसऱ्यांदा? शक्यता नगण्य. तरी त्यांनी अंदाज दिला, विमानं हलवली. मिलर तर आपलं चुकलं असं समजून घरी गेला होता. संध्याकाळी त्याच तळावर टोर्नेडो आला आणि मिलरला ते रेडिओवरून कळलं. टोर्नेडोचा पहिला बरोबर आलेला अंदाज म्हणतात तो हाच.

आई: अंगावर काटा आला रे.

मी: मामा 🙏 हे मला आधी का नाही सांगितलंस?

मामा: तू विचारलं नाहीस बाळा. झोपा आता.

शनिवार

मोठी मावशी: रात्री झोप लागली नाही. जुनं आठवत होतं. त्या दिवशीची संध्याकाळ मी काल लिहिलीच नाही.

मोठी मावशी: मामंजी अंगणात उभे राहून कितीतरी वेळ पश्चिमेकडे बघत होते. वारा पार पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं. आत येऊन म्हणाले, आज माडीवर कोणी झोपायचं नाही, सगळ्यांची अंथरुणं खालच्या दगडी खोलीत घाला. सासूबाईंना पटलं नाही. मलाही नाही. उकाडा इतका, आणि ती खोली कोंदट. पण ते दारात उभे राहिले आणि शेवटचं माणूस आत येईपर्यंत हलले नाहीत. एरवी ते कोणाला काही सांगायचे नाहीत. सकाळी माडीवर जाऊन पाहिलं, तर माझं अंथरूण असायचं तिथे तुळई आडवी पडली होती.

मामी: अक्का...

मोठी मावशी: त्यांना आकाशात काय दिसलं होतं, हे आम्ही कोणी कधी विचारलं नाही. पत्र्यांचं बोललो, खर्चाचं बोललो. मीही विचारलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. काल हिने त्या माणसाचं लिहिलं तेव्हा मला मामंजींची पाठ दिसली, अंगणातली.

आई: अक्का, मी फोन करू का?

मोठी मावशी: दुपारी कर. आत्ता नको, डोळे भरलेत.

मामा: अक्का, वारा असा एकदम पडणं, उकाडा, आणि पश्चिमेला ढगाचा रंग बदलणं, एवढं कळायला नजर लागते. यंत्र नसताना अशाच नजरेवर गावंच्या गावं राहिली आहेत. त्यांना नक्की काय दिसलं ते मीही सांगू शकणार नाही, पण ते उगाच दारात उभे नव्हते.

मोठी मावशी: तुमच्या आजच्या सिनेमात तो माणूस वर बघतो, तिथपर्यंत किती वेळ आहे?

मी: साधारण ३५ मिनिटं. आणि यात ती बाई आहे मावशी. कॉलेजात शिकवणारी. वारा पडतो आणि ती बोलायची थांबते, अगदी तसंच.

मोठी मावशी: मग तेवढं तुमच्याबरोबर बघेन. पुढे सुरू झालं की आवाज बंद करणार मी. काय चाललंय ते तुम्ही इथे लिहीत राहा.

छोटी: मी लिहीन मोठी आत्या. एकही गोष्ट सोडणार नाही.