घाटात भेकर आडवं आलं तर

वर एकांनी लिहिलंय की रात्री घाटात अप्पर, म्हणजे लांबचा लाइट, लावून हॉर्न मारत राहिलं की जनावर आपोआप बाजूला होतं. समोरून गाडी नसेल तेव्हा अप्पर हवाच, पण भेकर किंवा सांबर रस्त्यात दिसलं की लगेच डिपर करा, म्हणजे लाइट खाली घ्या. झगझगीत उजेडात ते दिपून जागीच उभं राहतं.

गेल्या पावसाळ्यात फोंडा घाट उतरताना मला आधी फक्त दोन चमकते ठिपके दिसले, गुडघ्याच्या जरा वर. लाइट खाली केले, थांबलो. भेकर कान हलवत दरीकडे उतरलं. मी गाडी सोडणार तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, थांबा जरा." मागून भेकराचं पाडस आलं! तेव्हापासून एक गेलं तरी दुसऱ्याची वाट बघतोच.

ताशी ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेकवर पाय पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं, म्हणून जंगलपट्ट्यात ४० पुरे. आणि कृपा करून स्टिअरिंग फिरवू नका, एका अंगाला दरी असते. सरळ रेषेतच ब्रेक दाबा. धडक झालीच तर जखमी जनावराच्या जवळ न जाता वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.