बाजूने बघून मगच टीव्ही घ्या

टीव्ही घेण्याच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की पंचवीस हजारांच्या आत '४के एचडीआर' टीव्ही मिळत असेल तर साधा फुल एचडी कशाला घ्यायचा. ४के म्हणजे फुल एचडीपेक्षा बारीक चित्र, ते ठीक आहे; पण एचडीआरच्या, म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवण्याच्या, नावाखाली एक रुपयाही जास्त देऊ नका. त्या स्टिकरचा अर्थ एवढाच की टीव्ही एचडीआरचा सिग्नल घेतो. स्वस्त पॅनलचा, म्हणजे पडद्याचा, उजेड साधारण २५० ते ३०० निट्स (उजेड मोजायचं माप) असतो आणि एचडीआर सिनेमे बहुतेक १००० निट्स धरून केलेले असतात. म्हणून रात्रीचे प्रसंग काळेकुट्ट दिसतात. त्यात टीव्हीचा दोष नाही, आपली अपेक्षाच चुकलेली असते.

पण घरात कोण कुठे बसतं, हे या चर्चेत कुणीच विचारलं नाही. आमच्या कोथरूडच्या घरी बाबांचा दिवाण खिडकीशी, टीव्हीच्या अगदी तिरका. मी तपकीर गल्लीतल्या दुकानात टीव्हीच्या समोर उभं राहून व्हीए प्रकारचं पॅनल पसंत केलं, कारण काळा रंग सुरेख होता. घरी आल्यावर दिवाणावरून तोच काळा राखाडी दिसायला लागला, बातम्या देणारीचा चेहरा पांढरट. आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनलमध्ये काळा रंग इतका गडद नसतो, पण बाजूने रंग टिकतात. आमच्यासाठी तेच बरं होतं. दुकानात व्हिविड मोड (रंग भडक करणारं सेटिंग) बंद करायला सांगा, दोन पावलं बाजूला सरका आणि साधं एसडी, म्हणजे एचडी नसलेलं, चॅनल लावून बघा. एसडीचं ५७६ ओळींचं चित्र ४केच्या २१६० ओळींवर ताणलं की कसं दिसतं ते तिथेच कळेल, आणि घरातल्या मोठ्यांना दिवसभर तेच बघायचं असतं.