मदत हवी आहे : क्लोरिन दिल्यावर पाण्याला येणारा औषधी वास
आमची नळपाणी योजना कृष्णेच्या एका उपनदीवर आहे. उन्हाळ्यात प्रवाह आटला की क्लोरिन दिल्यानंतर पाण्याला दवाखान्यासारखा वास येतो. कच्च्या पाण्याला तो जवळजवळ नसतो, म्हणून क्लोरोफिनॉलचा (पाण्यातील फिनॉल या सेंद्रिय रसायनाशी क्लोरिनचा संयोग होऊन बनणाऱ्या उग्र वासाच्या संयुगांचा) संशय आहे. तपासणीत फिनॉल लिटरला ०.००१ मिलिग्रॅम या भारतीय मानकातील मर्यादेपेक्षा अधिक निघाले. जार टेस्ट (भांड्यांतल्या पाण्यात वेगवेगळ्या मात्रा देऊन योग्य मात्रा शोधण्याची चाचणी) घेऊन तुरटी वाढवली. गढूळपणा गेला, वास राहिला (विरघळलेल्या फिनॉलपुढे तुरटीचे फारसे चालत नाही, हे खरेच). पूर्व-क्लोरिनेशन (शुद्धीकरणाच्या सुरुवातीलाच क्लोरिन देणे) थांबवले, तर वास केवळ शेवटच्या टाकीत सरकला आणि निवळण टाकीच्या भिंतींवर शेवाळ धरू लागले.

ओझोन किंवा दाणेदार कार्बनची गाळणी ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर असल्याने सक्रिय कार्बनची भुकटी देण्याचा विचार आहे. ती फ्लॅश मिक्सरमध्ये (तुरटी वेगाने ढवळून मिसळण्याच्या टाकीत) दिल्यास संपर्काला जेमतेम काही मिनिटे मिळतात आणि तुरटीच्या गुठळ्यांत ती अडकते. जॅकवेलमध्ये (नदीचे पाणी उपसण्याच्या विहिरीत) दिल्यास ऊर्ध्ववाहिनीत (तेथून शुद्धीकरण केंद्राकडे पाणी चढवणाऱ्या नळात) सुमारे अर्धा तास मिळतो, पण वाहिनीत भुकटी साचण्याची धास्ती वाटते. ज्यांनी असा कार्बन प्रत्यक्ष वापरला आहे त्यांनी कृपया सांगावे : तो नेमका कुठे द्यावा, जार टेस्टमध्ये त्याची मात्रा कशी ठरवावी आणि वाळूच्या गाळणीतून काळी भुकटी निसटू नये म्हणून काय करावे?