मदत हवी आहे: कोंबडीची दाण्याची पिशवी सकाळीही रिकामी होत नाही

परसातली एक कोंबडी पिसं फुलवून कोपऱ्यात बसते. मानेखालची दाण्याची पिशवी रात्रभर उपाशी ठेवूनही सकाळी भरलेलीच. कडक नाही, पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागते. चोचीला आंबूस वास. विष्ठा पातळ, हिरवट. अंडं अडकलेलं वाटत नाही, चाचपून पाहिलं. श्वास ठीक, बाकीच्या कोंबड्या ठणठणीत.

तिला वेगळं ठेवलंय. दाणे बंद, पाणी चालू, पिशवीला हलका मसाज. उलटं धरून पिशवी रिकामी करायचा सल्ला कृपया नको, पाणी श्वासनळीत गेलं तर संपलंच. पशुवैद्य लगेच मिळणार नाहीत. अंडी घरातच खातो.

हा कँडिडा बुरशीचा प्रकार, की पुढे गवत अडकून तुंबलंय? निस्टॅटिन (बुरशीवरचं औषध) देण्याआधी घरच्या घरी हा फरक कसा ओळखायचा?