मुलांना रंगवण्यासाठी मोठी पोकळ अक्षरे छापायची आहेत – मदत हवी आहे

बालवर्गताई (कोल्हापूर)

नमस्कार. येत्या २६ जूनला राजर्षी शाहू महाराजांची जयंती आहे आणि त्या दिवशी आमच्या बालवर्गाच्या भिंतीवर मुलांनी स्वतः रंगवलेली मोठी अक्षरे लावायचे ठरले आहे. अक्षरांची फक्त बाहेरची रेषा छापलेली असावी आणि आतला भाग मुलांनी खडूने भरावा, एवढेच हवे आहे. मी अक्षरे पोकळ केली तेव्हा आत नको तिथे रेषा उमटल्या, आणि तीच फाइल छापायला दुकानात नेली तेव्हा तिथे भलतेच काही दिसू लागले. यात दोन दिवस गेले असून हाती आता चारच दिवस उरले आहेत. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘इंटरनेटवर तयार चित्रे मिळतात’ हे उत्तर नको, कारण ती मी पाहिली आहेत आणि त्यांत सुटी मुळाक्षरेच असतात.

टंकवेडा

ताई, उपाय नक्की आहे, पण आपण जे सांगितले आहे त्यावरून तो ठरवता येत नाही. अक्षरे कोणत्या प्रोग्रॅममध्ये केली, फाँट कोणता होता, दुकानात फाइल कोणत्या स्वरूपात नेली आणि तिथे ‘भलतेच’ म्हणजे नेमके काय दिसले, हे आधी लिहावे.

रंगरेषा

एवढ्याशा कामासाठी संगणक कशाला हवा? दोन पेन्सिलींना रबर बँड लावून त्या एकत्र बांधा आणि त्या जोडीने सरळ अक्षर लिहा. दोन समांतर रेषांचे पोकळ अक्षर आपोआप तयार होते. फलक रंगवणाऱ्यांकडे उमेदवारी करताना मी हेच करत असे. जोडी मात्र बोरूसारखी एकाच तिरप्या कोनात धरावी लागते, मनगट फिरले की अक्षराची जाडी बिघडते. रेघांची टोके शेवटी हाताने जोडून घ्यायची आणि शिरोरेषा व काना जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या आतल्या रेषा खोडरबराने पुसायच्या.

टंकवेडा

रंगरेषा, पद्धत उत्तम आहे, परंतु ताईंनी छपाईबद्दल विचारले आहे. शिवाय हाताने काढलेली सगळी अक्षरे एकाच मापाची ठेवणे प्रत्येकाला जमेलच असे नाही.

रंगरेषा

न जमण्यासारखे त्यात काय आहे? कागदावर आधी शिरोरेषेची आणि तळाची अशा दोन ओळी आखून घेतल्या की माप आपोआप सांभाळले जाते. आमच्या पिढीने याच पद्धतीने गावोगावच्या भिंती लिहिल्या.

पंचगंगाकाठ

ताई, जयंतीसाठी सरळ फ्लेक्स करून घ्यावा. एका दिवसात मिळतो आणि लांबूनही छान दिसतो.

बालवर्गताई

फ्लेक्स नको आहे. ज्या राजाने १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, त्याच्या जयंतीला भिंतीवरचे नाव तरी मुलांच्या हातचे असावे, अशी आमची इच्छा आहे.

टंकवेडा यांच्या प्रश्नांची उत्तरे देते. अक्षरे वर्डमध्ये केली. फाँट शाळेच्या संगणकावर पूर्वीपासून आहे तोच वापरला. पेन ड्राइव्हवर वर्डचीच फाइल नेली होती आणि दुकानातल्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे व चिन्हे दिसत होती. आतल्या रेषा म्हणाल तर ‘शा’मध्ये दोन ठिकाणी उभ्या रेषा येतात आणि शिरोरेषेवर प्रत्येक जोडापाशी एक बारीक चौकोन दिसतो.

टंकवेडा

आता उलगडा झाला. आपला फाँट जुन्या पद्धतीचा, म्हणजे युनिकोडपूर्व आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत). अशा फाँटमध्ये मराठी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. यात दुकानदाराचा काहीच दोष नाही. युनिकोड फाँट वापरला असता तर तिथे फार तर वळण बदलले असते, पण अक्षरे मराठीच राहिली असती. छापायला देताना मात्र कोणत्याही परिस्थितीत पीडीएफच न्यावी, कारण तिच्यात फाँट सोबत जातो.

आतल्या रेषांचे कारणही त्याच्याशी जोडलेले आहे. कित्येक जुन्या फाँटमध्ये ‘श’ हा अर्धा श आणि दंड असे दोन तुकडे जोडून तयार होतो आणि त्याच्यापुढे काना हा तिसरा तुकडा येतो. भरीव छापले तर हे जोड दिसत नाहीत, पण पोकळ करताच प्रत्येक तुकड्याला स्वतःची बाह्यरेषा मिळते आणि तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथे चौकोन उमटतात. युनिकोड फाँटमध्ये हे प्रमाण कमी होते, पण काना आणि वेलांटीच्या जोडापाशी ते तिथेही उरते. माझ्या मते याला खरा उपाय इंकस्केपचा आहे. हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. त्यात अक्षर लिहून ‘पाथ’च्या यादीतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ निवडावे, म्हणजे अक्षराची रेषाकृती (पाथ) होते, मग ग्रुप सोडवून ‘युनियन’ करावे, म्हणजे सगळे तुकडे विरघळून एकच आकृती होते. त्यानंतर आतला रंग काढून टाकावा आणि रेषेची जाडी ३ पॉइंट, म्हणजे साधारण १ मिलिमीटर ठेवावी. एकदा पाथ केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ मजकुराची एक प्रत बाजूला राखून ठेवावी.

करवीरकर

चार दिवसांत नवा प्रोग्रॅम शिकायला लावणे योग्य वाटत नाही. वर्डमध्येच सोपा मार्ग आहे आणि मी तो माझ्या मुलीसाठी कित्येकदा वापरला आहे. एकाच अक्षराच्या दोन प्रती एकमेकींवर ठेवायच्या. खालच्या प्रतीला ६ पॉइंटची काळी बाह्यरेषा द्यायची, आणि वरच्या प्रतीला बाह्यरेषा अजिबात न देता आतला रंग पांढरा ठेवायचा. वरचे पांढरे अक्षर आतल्या सगळ्या जोडरेषा झाकून टाकते आणि बाहेरची निम्मी, म्हणजे ३ पॉइंटची रेषा तेवढी दिसत राहते. दोन्ही टेक्स्ट बॉक्सची पार्श्वभूमी आणि चौकट काढून टाकावी, दोन्ही निवडून ‘अलाइन सेंटर’ आणि ‘अलाइन मिडल’ करावे, म्हणजे ते केसभरही सरकत नाहीत. रेषेचा ‘जॉइन टाइप’ ‘राउंड’ ठेवावा, नाही तर तीक्ष्ण वळणांवर काटे फुटतात.

टंकवेडा

करवीरकर, ही युक्ती चालेल, हे मान्य करतो. परंतु प्रत्येक अक्षरासाठी दोन बॉक्स जुळवत बसण्यापेक्षा युनियन करणे अधिक स्वच्छ आहे, असे मला अजूनही वाटते.

करवीरकर

अक्षरे दोनशे असती तर मीही आपलेच ऐकले असते. इथे किती आहेत? ताई, अक्षरे किती, मुले किती आणि कागद कोणता, हे आपण अजूनही सांगितलेले नाही.

राजारामपुरीची आजी

माझा अनुभव वेगळा आहे. लहान मुलांना अक्षर रंगवायला देण्याआधी ते बोटाने गिरवायला द्यावे. मॉन्टेसरी पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरे पाटीवर चिकटवलेली असतात, मूल त्यांवरून बोट फिरवते आणि वळण हातात बसते. रंग भरताना मुलाचा हात अक्षराच्या दिशेने चालत नाही, तो मनाला येईल तसा फिरतो.

बालवर्गताई

आजी, गिरवणे आमच्याकडे रोज होते. हा उपक्रम जयंतीपुरता आहे. ‘राजर्षी शाहू महाराज’ एवढेच लिहायचे असून रा, ज, र्षी, शा, हू, म, हा, रा, ज अशी नऊ अक्षरे होतात. मुले सत्तावीस आहेत, तेव्हा एका अक्षराभोवती तीन मुले बसतील. कागद साधा ए-फोर घेणार होते.

करवीरकर

ही माहिती पहिल्यांदाच दिली असती तर बरे झाले असते. एका ए-फोरवर तीन मुलांचे हात मावणार नाहीत. फाइल ए-फोरचीच करा, पण दुकानात १४१ टक्के मोठी करून ए-थ्रीवर छापून घ्या. रेषाही त्याच प्रमाणात जाड होईल आणि त्या वयाच्या मुलांना ते सोयीचेच आहे. फाँटचा आकार ५०० पॉइंटच्या आसपास ठेवून पाहावा. ५०० पॉइंट म्हणजे सुमारे साडेसतरा सेंटिमीटर होतात, पण त्या मापात वरच्या रफाराची आणि खालच्या उकाराची जागाही धरलेली असते, म्हणून प्रत्यक्ष अक्षर बरेच लहान दिसते. माप ‘र्षी’ आणि ‘हू’ या दोन अक्षरांवरून ठरवा, कारण एकाला वर सर्वांत जास्त जागा लागते आणि दुसऱ्याला खाली. नऊही अक्षरांना तोच आकार द्या आणि टेक्स्ट बॉक्स प्रत्येक पानावर त्याच ठिकाणी ठेवा, तरच भिंतीवर शिरोरेषा एका ओळीत येईल.

रंगरेषा

शिरोरेषेचे आपण अगदी बरोबर सांगितले. माझीही एक विनंती आहे. ‘शाहू’चा श देठाचा असावा. शासनाच्या २०२२च्या निर्णयातही देठाचा श आणि पाकळीचा ल हेच मराठीचे वळण म्हणून दिलेले आहे. संगणकावर सर्रास हिंदी वळणाचा श येतो आणि मग मुले घरी एक व शाळेत दुसरेच वळण पाहतात.

टंकवेडा

या मुद्द्यावर मी रंगरेषा यांच्याशी पूर्ण सहमत आहे. नोटो सॅन्स देवनागरी या फाँटमध्ये दोन्ही वळणे आहेत. लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखाच विनामूल्य प्रोग्रॅम) मजकुराची भाषा मराठी निवडली की श आणि ल मराठी वळणाचे होतात. कोणताही फाँट घेतला तरी आधी ‘शाहू’ लिहून डोळ्यांनी खात्री करावी आणि ठळक वजनच (फाँटचे जाड रूप) निवडावे, कारण बारीक वजनाच्या अक्षरात खडू फिरायला जागाच उरत नाही.

पंचगंगाकाठ

मुले पाण्याचे रंग वापरणार असतील तर छपाई लेझरवर किंवा झेरॉक्स यंत्रावर करावी. इंकजेटची शाई बहुधा पाणी लागताच पसरते आणि रेषा काळपट होते.

बालवर्गताई

सर्वांची मी आभारी आहे. करवीरकर यांच्या पद्धतीने काल रात्री नऊही अक्षरे झाली आणि आज पीडीएफ नेऊन ए-थ्रीवर छापून आणली. जोडरेषा एकही दिसत नाही आणि श देठाचा आला आहे. एकच अडचण उरली आहे. ‘र्षी’मध्ये रफार आणि वेलांटी इतकी जवळ आहेत की त्यांच्यामधली पांढरी फट जवळजवळ बुजली आहे, आणि मुले ते सगळे एकच समजून रंगवतील.

करवीरकर

फक्त त्या एका पानावर खालच्या प्रतीची रेषा ६ ऐवजी ४ पॉइंट करा, म्हणजे फट मोकळी होईल. जाडीतला फरक भिंतीवर कोणाला जाणवणार नाही.

रंगरेषा

छापलेले पान फेकू नका. रफार एका मुलाला आणि वेलांटी दुसऱ्याला वेगळ्या रंगात भरायला द्या, म्हणजे दोन्ही चिन्हे मुलांना सुटी ओळखता येतील.

बालवर्गताई

दोन्ही करते. नवे पान भिंतीसाठी छापून घेते आणि जुने पान उद्या सकाळी सरावासाठी देते.