टॉम लेररचे अल्बम : सुरुवात कुठून करू?

रविवारची_मिसळ
मैत्रिणीने टॉम लेरर या अमेरिकन विनोदी गायकाचं, मूलद्रव्यांची नावं धाडधाड म्हणणारं गाणं ऐकवलं, तेव्हापासून लेक (आठवीत) तेच लावून बसलीये. आता त्याची बाकीची गाणी हवीत म्हणते. अल्बम बरेच दिसतात, काहींत तर तीच तीच गाणी आहेत. कुठला लावून देऊ? आणि याने आवर्तसारणी पाठ होईल का, हा माझा स्वार्थी प्रश्न.

उत्कलनबिंदू
स्वार्थी प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. नावं अणुअंकाने लावलेली नाहीत, यमक जुळेल तशी बसवलीत. शिवाय गाणं १९५९ चं, त्यात १०२ नावं. आता मूलद्रव्यं ११८ झाली. चालही त्याची नाही, गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्लिश जोडीच्या १८७९ च्या ऑपेरातली. आपल्याकडे नाट्यपदाच्या चालीवर विडंबन रचतात, तसलाच प्रकार.
तीच गाणी दोनदा दिसतात कारण १९५९ मध्ये त्याने ती एकदा स्टुडिओत आणि एकदा हार्वर्डमध्ये लोकांसमोर, अशी दोन्हीकडे रेकॉर्ड केली. लोकांसमोरचं घ्या. गाण्यांच्या मधली बडबड सोडलीत तर अर्धी मजा गेली.

पाचवा_मजला
मी १९५३ चा पहिला अल्बम सुचवेन. हार्वर्डचा गणितातला पोरगा, स्टुडिओचे पंधरा डॉलर पदरचे भरून बारा गाणी गातो, ४०० प्रती काढतो आणि कॉलेजच्या आवारात विकतो. ना कंपनी, ना जाहिरात. गणितज्ञांच्या उचलेगिरीवरचं 'लोबाचेव्हस्की' यातच आहे.

उत्कलनबिंदू
@पाचवा_मजला अहो, आठवीतल्या मुलीला? त्यात प्रेयसीचा कापलेला हात हातात घेऊन गाणारा प्रियकर आहे. गांजा-अफूवाल्याचं गोड कौतुकही आहे. मोठ्यांसाठी फर्मास, पण आईने आधी स्वतः ऐकावा.

पाचवा_मजला
हात विसरलोच होतो. मागे घेतो. :)

हातचा_एक
मग १९६५ चा 'दॅट वॉज द इयर दॅट वॉज' घ्या. माझ्या मते तोच सर्वात धारदार. फॉन ब्राउनवरचं गाणं लहान आहे, पण हिटलरसाठी व्ही-२ रॉकेट बनवणारा हा माणूस पुढे अमेरिकेच्या अंतराळ मोहिमेचा लाडका कसा झाला हे लेकीला आधी सांगा, नाहीतर टोमणा डोक्यावरून जाईल. प्रदूषणावरचं गाणं मात्र काही न सांगता कळतं.
आणि 'न्यू मॅथ'! अमेरिकेत तेव्हा शाळेत गणित शिकवायची नवी पद्धत आली होती, तिची टर. ३४२ वजा १७३, हातचे घेत घेत, पियानोच्या तालावर. उत्तर १६९ येतं आणि मग पठ्ठ्या तेच गणित आठच्या पायात (दहाऐवजी आठ-आठचे गट, अंक फक्त ० ते ७) पुन्हा करतो.

उत्कलनबिंदू
एक राहिलं. २०२२ मध्ये त्याने आपल्या गाण्यांवरचे सगळे हक्क सोडून दिले. गॅदरिंगला मराठी शब्द घालून म्हटलंत तरी त्याची परवानगी मागायला नको. २०२५ च्या जुलैत गेला, ९७ वर्षांचा होऊन.

रविवारची_मिसळ
सगळ्यांचे आभार. '६५ चा लावला. फॉन ब्राउनला 'म्हणजे दोन्हीकडे पगार?' एवढंच म्हणाली. पण आठच्या पायातली वजाबाकी तिने वहीत करून पाहिली. १४७ आलं. बरोबर आहे म्हणते. मला अजून जमलेलं नाही.